कर्करोगावरील जनुकीय उपचार व अब्जांश कण

उपचारोपयोगी न्यूक्लिइक अम्ले कर्करोगग्रस्त कोशिकांमध्ये (पेशींमध्ये) किंवा कर्करोगाविरुद्ध कार्य करणाऱ्या प्रतिरक्षा कोशिकांमध्ये सुरक्षितपणे पोहोचविण्यासाठी सु. १० ते २०० नॅनोमीटर व्यासाचे कृत्रिम कण वाहक म्हणून वापरतात. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग होय. म्हणून अशा कणांना अब्जांश कण म्हणतात. मानवी रक्तातील तांबड्या कोशिकेचा व्यास सु. ७,५०० नॅनोमीटर असतो, हे लक्षात घेतल्यास १०० नॅनोमीटर व्यासाच्या कणाच्या सूक्ष्मतेची कल्पना येते. लिपिडे, बहुवारिके (अनेक साध्या रेणूंच्या संयोगाने बनलेले प्रचंड रेणू) आणि सोन्यासारखे धातू यांपासून हे कण तयार करतात.

पार्श्वभूमी : कर्करोग हा मूलतः जनुकांतील बिघाडाचा रोग आहे. कोशिकेच्या विभाजनास चालना देणारी काही जनुके उत्परिवर्तनामुळे (आनुवंशिक द्रव्यात एकाएकी होणाऱ्या बदलामुळे) अनिर्बंधपणे क्रियाशील होतात, तर विभाजनास आळा घालणारी काही जनुके निकामी होतात. मानवातील पी-५३ हे आळा घालणाऱ्या जनुकाचे सर्वपरिचित उदाहरण असून कर्करोगाच्या सुमारे निम्म्या रुग्णांच्या अर्बुदांत (नवीन कोशिकांच्या अत्यधिक वाढीमुळे निर्माण झालेल्या गाठींत) त्यात बिघाड झालेला आढळतो. शस्त्रक्रिया, प्रारण चिकित्सा व कोशिकाविषारी औषधे या रूढ उपचारांनी अर्बुद काढून टाकता येते किंवा नष्ट करता येते. परंतु बिघाडाच्या मुळाशी असलेल्या आनुवंशिक आदेशात त्यांनी दुरुस्ती होत नाही. शिवाय प्रारण व औषधे यांचा मारा अस्थिमज्जा, आतड्याचे अस्तर व केसांची मुळे यांतील निरोगी, पण जलद विभाजन पावणाऱ्या कोशिकांवरही होतो. सदोष जनुकाचा आदेश थोपविणे, निकामी जनुकाची चांगली प्रत पुरविणे किंवा प्रतिरक्षा कोशिकांना अर्बुदाची ओळख पटवून देणे हा जनुकीय उपचारांचा हेतू होय.

माणसावरील मान्यताप्राप्त जनुकीय उपचारांचा आरंभ अमेरिकेत सप्टेंबर १९९० मध्ये एका जन्मजात प्रतिरक्षान्यूनता विकारावर झाला. त्या वेळी व त्यानंतर बराच काळ जनुकाचे वाहक म्हणून दुर्बल केलेले व्हायरस वापरण्यात येत होते. कोशिकेत शिरून स्वतःचे आनुवंशिक द्रव्य तेथे सोडणे हा व्हायरसांचा स्वभावच असल्याने ते कार्यक्षम वाहक ठरतात. मात्र १९९९ मध्ये अमेरिकेत ॲडिनोव्हायरस दिलेला १८ वर्षांचा एक तरुण तीव्र प्रतिरक्षा प्रतिक्रियेने मरण पावला. फ्रान्समध्ये रेट्रोव्हायरसाच्या साहाय्याने उपचार केलेल्या काही बालकांना वाहकाचे आनुवंशिक द्रव्य गुणसूत्रात अयोग्य जागी समाविष्ट झाल्याने श्वेतकोशिकार्बुद (रक्ताचा कर्करोग) झाल्याचे २००२ पासून दिसून आले. कर्करोगावर योजावयाच्या उपचारतंत्रानेच कर्करोग उद्‌भवू शकतो, ही गोष्ट त्यामुळे स्पष्ट झाली आणि व्हायरसरहित वाहकांच्या संशोधनास अधिक निकड प्राप्त झाली.

न्यूक्लिइक अम्लांपुढील अडथळे : न्यूक्लिइक अम्ल नुसतेच शिरेतून टोचल्यास त्याचा सहसा उपयोग होत नाही. रक्तातील न्यूक्लिएज एंझाइमे (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणारी प्रथिने) असंरक्षित आरएनएचे काही मिनिटांतच तुकडे करतात. आखूड रेणू मूत्रपिंडातून गाळले जाऊन लघवीवाटे बाहेर पडतात. कोशिकापटलाचा पृष्ठभाग ऋण विद्युत् भारित असतो व न्यूक्लिइक अम्लाचा रेणूही ऋण भारित असतो. त्यामुळे दोहोंत प्रतिसारण होते. पटलाचा आतील भाग तेलकट असल्याने पाण्यात विरघळणारा हा मोठा रेणू त्यातून आरपार जाऊ शकत नाही. याशिवाय परकीय आरएनएची चाहूल लागताच प्रतिरक्षा यंत्रणा त्यास व्हायरसाचे आक्रमण समजून दाहक प्रतिक्रिया सुरू करते. हे सर्व अडथळे ओलांडून देणारे आवरण पुरविणे हे अब्जांश कणाचे काम असते.

इतिहास : इंग्लंडमध्ये ॲलेक बँगहॅम यांनी १९६० नंतरच्या दशकात फॉस्फोलिपिडे पाण्यात आपोआप द्विस्तरी पटलाच्या सूक्ष्म पुटिका बनवितात, असे दाखविले. या पुटिकांना पुढे लिपोसोम हे नाव मिळाले. रॉबर्ट लँगर व ज्युडा फोकमन यांनी १९७६ मध्ये बहुवारिकांतून प्रथिनांसारखे प्रचंड रेणू संथपणे मुक्त करता येतात, असे सिद्ध केले. लिपोसोमांत संदेशवाहक आरएनए भरून ते कोशिकांत नेण्याचे प्रयोग १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. फिलिप फेल्गनर व त्यांचे सहकारी यांनी १९८७ मध्ये धन भारित लिपिडे तयार करून डीएनए कोशिकांत नेण्याची सुलभ पद्धत शोधली. १९८९ मध्ये तीच पद्धत आरएनएसाठीही यशस्वी झाली. डॉक्सोरुबिसीन हे कर्करोगविरोधी औषध लिपोसोमात भरून तयार केलेल्या औषधास अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळाली. त्यात न्यूक्लिइक अम्लाचा संबंध नसला, तरी अब्जांश कणातून औषध देणे व्यवहार्य आहे, हे त्याने दाखवून दिले.

अँड्रू फायर व क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये द्विसूत्री आरएनएमुळे विशिष्ट जनुकाचा आदेश थोपविला जातो, असा शोध लावला. या आरएनए व्यतिकरणाच्या शोधाबद्दल त्यांना २००६ चे शरीरक्रियाविज्ञान वा वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. सस्तन प्राण्यांच्या कोशिकांतही आखूड द्विसूत्री आरएनएने हे कार्य घडविता येते, असे २००१ मध्ये दिसून आले. कॅटालिन कॅरिको व ड्र्यू वाइसमन यांनी २००५ मध्ये संदेशवाहक आरएनएच्या काही घटकांत रासायनिक बदल केल्यास त्याची दाहकता कमी होते, असे दाखविले. त्यांना २०२३ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

वाहून न्यावयाची द्रव्ये : उपचारोपयोगी न्यूक्लिइक अम्लांचे मुख्य प्रकार पुढीलप्रमाणे आहेत. (१) आखूड व्यत्ययी आरएनए : २१ ते २३ घटकांच्या जोड्यांचा हा द्विसूत्री रेणू कोशिकेतील एका प्रथिनसमूहाशी जोडला जातो आणि ज्याच्याशी त्याचा क्रम जुळतो, त्या संदेशवाहक आरएनएचे तुकडे करवितो, परिणामी संबंधित प्रथिन तयार होत नाही. (२) सूक्ष्म आरएनए : कोशिकेत निसर्गतः आढळणारे हे रेणू एकाच वेळी अनेक जनुकांचे नियमन करतात. (३) संदेशवाहक आरएनए : हव्या त्या प्रथिनाची कृती कोशिकेस तात्पुरती पुरवितो. त्याचे कार्य केंद्रकाबाहेरील कोशिकाद्रव्यातच होत असल्याने गुणसूत्रास धोका पोहोचत नाही. (४) प्लाझ्मिड डीएनए : हा वर्तुळाकार रेणू अधिक काळ टिकतो, परंतु त्यास केंद्रकात शिरावे लागत असल्याने कार्यक्षमता कमी असते. (५) जनुकसंपादनाची सामग्री : क्रिस्पर पद्धतीत डीएनए कापणाऱ्या प्रथिनाचा संदेशवाहक आरएनए व मार्गदर्शक आरएनए एकाच कणातून देतात.

कणांचे प्रकार व रचना : सर्वाधिक विकसित झालेला प्रकार लिपिड अब्जांश कणांचा आहे. त्यात सामान्यतः चार घटक असतात. पहिला व महत्त्वाचा घटक म्हणजे आयनीभवनक्षम लिपिड होय. ते अम्लधर्मी माध्यमात धन भारित होते व न्यूक्लिइक अम्लास धरून ठेवते, रक्ताच्या ७.४ या पीएच मूल्यास मात्र ते जवळजवळ उदासीन राहते. कायम धन भारित असलेली जुनी लिपिडे कोशिकांना विषारी ठरत व रक्तातील प्रथिने त्यांना चिकटत. आयनीभवनक्षम लिपिडांमुळे हा दोष बराचसा दूर झाला. दुसरा घटक फॉस्फोलिपिड व तिसरा कोलेस्टेरॉल असून ते कणास घडण व स्थैर्य देतात. पॉलिएथिलीन ग्लायकॉल जोडलेले लिपिड हा चौथा घटक अल्प प्रमाणात असतो. तो कणाभोवती जलस्नेही आच्छादन निर्माण करतो व त्यामुळे कण एकमेकांस चिकटत नाहीत.

हे कण तयार करण्याची पद्धत तत्त्वतः सोपी आहे. लिपिडांचा एथिल अल्कोहॉलातील विद्राव आणि न्यूक्लिइक अम्लाचा अम्लधर्मी जलीय विद्राव अरुंद नलिकांमध्ये अतिशय वेगाने मिसळतात. भारांच्या आकर्षणाने न्यूक्लिइक अम्लाभोवती लिपिडे गोळा होऊन कण आपोआप बनतात. नंतर अल्कोहॉल काढून टाकून माध्यमाचे पीएच मूल्य वाढवितात. मिश्रणाचा वेग व घटकांचे प्रमाण यांवर कणांचे आकारमान अवलंबून असते.

बहुवारिकी कणांमध्ये पॉलिएथिलीन इमाइन, सायक्लोडेक्स्ट्रिनयुक्त बहुवारिके इत्यादींचा उपयोग करतात. सोन्याच्या सु. १३ नॅनोमीटर व्यासाच्या गाभ्यावर न्यूक्लिइक अम्लाचे असंख्य धागे काट्यांप्रमाणे दाटीने बसवून गोलाकार न्यूक्लिइक अम्ले हा आणखी एक प्रकार तयार करण्यात आला असून त्याची मूळ कल्पना चॅड मर्किन यांच्या १९९६ मधील कार्यातून पुढे आली.

कणाचा शरीरातील प्रवास : शिरेतून दिलेला कण प्रथम रक्तातील प्रथिनांच्या थराने वेढला जातो. कणाचे पुढील भवितव्य बव्हंशी या थरावर ठरते. लिपिड कणांना अपोलिपोप्रोटीन ई हे प्रथिन चिकटते व त्यामुळे यकृतातील कोशिका त्यांना कोलेस्टेरॉलवाहक कण समजून आत घेतात. यकृत व प्लीहा (पानथरी) यांतील भक्षिकोशिकाही कणांचा मोठा भाग गिळून टाकतात. यकृताच्या रोगांवर उपचार करताना ही गोष्ट उपकारक ठरते. अन्य इंद्रियांतील अर्बुदांवर उपचार करताना मात्र तीच मोठी अडचण होते.

अर्बुदातील रक्तवाहिन्या घाईने व अव्यवस्थितपणे वाढलेल्या असल्याने त्यांच्या भित्तींत मोठी छिद्रे असतात, तसेच तेथील लसीकावाहिन्यांकडून होणारा निचराही अपुरा असतो. त्यामुळे मोठे रेणू अर्बुदात झिरपून साचतात, असे जपानमध्ये यासुहिरो मात्सुमुरा व हिरोशी माएदा यांनी १९८६ मध्ये दाखविले. हा वाढीव पार्यता व धारण परिणाम पुढे या क्षेत्रातील संशोधनाचा आधार बनला. तथापि उंदरांतील जलद वाढणाऱ्या अर्बुदांत तो जितका ठळकपणे दिसतो, तितका माणसांत दिसत नाही. रुग्णारुग्णांत, किंबहुना एकाच रुग्णाच्या दोन अर्बुदांतही, त्याचे प्रमाण भिन्न असते. टोराँटो येथील वॉरन चॅन व सहकारी यांनी दहा वर्षांतील प्रयोगांचा आढावा घेऊन २०१६ मध्ये असे दाखविले की, प्राण्यांना टोचलेल्या मात्रेपैकी अर्बुदापर्यंत पोहोचणारा भाग मध्यमानाने केवळ ०.७ टक्के असतो. त्याच गटाने २०२० मध्ये अर्बुदात शिरणारे बहुतेक कण छिद्रांतून झिरपत नसून वाहिनीच्या अस्तरातील कोशिका त्यांना सक्रियपणे पलीकडे नेतात, असे प्रतिपादन केले. या निष्कर्षामुळे जुन्या कल्पनेचा पुनर्विचार सुरू झाला.

लक्ष्य कोशिकेजवळ पोहोचलेला कण पटलाच्या खळग्यात ओढला जाऊन एंडोसोम नावाच्या पुटिकेत बंदिस्त होतो. या पुटिकेतील माध्यम क्रमाने अधिकाधिक अम्लधर्मी होत जाते व शेवटी तेथील पाचक एंझाइमे सर्व द्रव्य नष्ट करतात. तत्पूर्वी कणास बाहेर पडणे आवश्यक असते. अम्लधर्मी माध्यमात आयनीभवनक्षम लिपिड पुन्हा धन भारित होते, पुटिकेच्या ऋण भारित लिपिडांशी संयोग पावते व पटल विस्कळित करून न्यूक्लिइक अम्लास कोशिकाद्रव्यात वाट करून देते. ही सुटका फारच अपुरी असते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लिपिड कणांतून नेलेल्या आखूड व्यत्ययी आरएनएपैकी फक्त १ ते २ टक्के भाग पुटिकेबाहेर पडल्याचे आढळले. अर्बुदापर्यंत पोहोचणारा अल्प भाग व त्यातूनही निसटणारा अल्पतर भाग यांचा एकत्रित विचार केल्यास मात्रा व परिणाम यांतील दरी ध्यानात येते.

लक्ष्यनिर्धारण : कणाच्या पृष्ठभागावर प्रतिपिंडे, ट्रान्स्फेरिन प्रथिन किंवा फॉलिक अम्ल यांसारखे रेणू जोडल्यास ते कर्ककोशिकांवर विपुल असलेल्या ग्राहींना चिकटतात. कोशिकेत शिरण्याचे प्रमाण यामुळे वाढते. परंतु कण अर्बुदापर्यंत पोहोचण्याचे प्रमाण त्या मानाने फारसे वाढत नाही. दुसरा मार्ग कणाच्या घटकांतच बदल करण्याचा आहे. डॅलस येथील डॅनियल सीगवर्ट व सहकारी यांनी २०२० मध्ये चार घटकांत विशिष्ट भाराच्या पाचव्या लिपिडाची भर घालून उंदरांत कण हवे त्याप्रमाणे फुप्फुस, प्लीहा किंवा यकृत यांकडे वळविता येतात, असे दाखविले.

मानवी चाचण्या : अमेरिकेतील मार्क डेव्हिस व सहकारी यांनी २०१० मध्ये कृष्णकर्क (त्वचेतील रंजकद्रव्ययुक्त कोशिकांचा कर्करोग) झालेल्या रुग्णांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. ट्रान्स्फेरिन जोडलेले सायक्लोडेक्स्ट्रिनयुक्त कण शिरेतून दिल्यावर ते अर्बुदाच्या कोशिकांत आढळले आणि लक्ष्य केलेला संदेशवाहक आरएनए कमी झाल्याचे दिसले. माणसात आरएनए व्यतिकरण घडून येते, याचा तो पहिला प्रत्यक्ष पुरावा होय. लिपिड कणांतून दोन भिन्न आखूड व्यत्ययी आरएनए देण्याच्या ४१ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत गर्भाशयाच्या अंतःस्तराचा कर्करोग यकृतात पसरलेल्या एका रुग्णाचे अर्बुद पूर्णपणे नाहीसे झाले. मेंदूतील श्लेष्मार्बुद उलटलेल्या आठ रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी सुवर्णकणांवरील गोलाकार न्यूक्लिइक अम्ले देण्यात आली. रक्त व मेंदू यांमधील रोध ओलांडून सोने अर्बुदात पोहोचल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले.

काही चाचण्या अपयशी ठरल्या. अर्बुदवाढ रोखणारा सूक्ष्म आरएनए लिपोसोमातून देण्याची पहिली मानवी चाचणी तीव्र प्रतिरक्षाजन्य दुष्परिणामांमुळे २०१६ मध्ये थांबवावी लागली. तीत भाग घेतलेल्या ८५ रुग्णांपैकी तिघांची अर्बुदे अंशतः आक्रसली होती, तर चौघांचा मृत्यू या दुष्परिणामांमुळे झाला. वाहून नेलेले द्रव्य एकाच वेळी अनेक जनुकांवर परिणाम करीत असल्यास ते प्रतिरक्षा कोशिकांतही शिरून अनपेक्षित उत्पात घडवू शकते, हा धडा त्यातून मिळाला.

प्रतिरक्षा यंत्रणेमार्फत उपचार : प्रत्येक कर्ककोशिकेत न्यूक्लिइक अम्ल पोहोचविणे दुष्कर असल्याने अर्बुदाऐवजी प्रतिरक्षा कोशिकांना लक्ष्य करण्याकडे संशोधकांचा कल वाढला. कणांचे यकृत व प्लीहा यांत साचणे येथे अडचणीचे न ठरता उपयोगी पडते. जर्मनीत ऊगुर साहीन व सहकारी यांनी २०१६ मध्ये लिपिड व आरएनए यांच्या भारांचे प्रमाण बदलून कण प्लीहेतील द्रुमाकृतिक कोशिकांकडे वळविता येतात, असे दाखविले. रुग्णाच्या अर्बुदातील उत्परिवर्तने तपासून त्यांनुसार तयार केलेला संदेशवाहक आरएनए या कोशिकांना दिल्यास त्या टी लसीका कोशिकांना अर्बुदाची ओळख करून देतात.

स्वादुपिंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या १६ रुग्णांना न्यूयॉर्क येथे अशी व्यक्तिगत लस देण्यात आली. प्रत्येकाच्या लसीत २० पर्यंत उत्परिवर्तित लक्ष्यांचा समावेश होता व शस्त्रक्रियेनंतर सु. नऊ आठवड्यांत ती तयार झाली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आठ रुग्णांत टी कोशिकांचा प्रतिसाद आढळला व त्यांच्यात रोग उलटण्याचे प्रमाण इतर आठ रुग्णांपेक्षा कमी होते. कृष्णकर्काच्या १५७ रुग्णांवरील दुसऱ्या एका चाचणीत ३४ पर्यंत लक्ष्ये असलेली लस व पेंब्रोलिझुमॅब हे प्रतिपिंड एकत्र देण्यात आले. अठरा महिन्यांनंतर रोग न उलटलेल्यांचे प्रमाण या गटात ७९ टक्के, तर केवळ प्रतिपिंड दिलेल्या गटात ६२ टक्के होते. हे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णसंख्या मर्यादित असल्याने हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक नव्हता; म्हणून मोठी चाचणी २०२३ मध्येच सुरू करण्यात आली होती.

दोष व मर्यादा : कण टोचताना ताप, थंडी, रक्तदाब उतरणे अशा प्रतिक्रिया होऊ शकतात, त्या टाळण्यासाठी काही उपचारांपूर्वी स्टेरॉइड औषधे देतात. पॉलिएथिलीन ग्लायकॉलाविरुद्ध काही व्यक्तींत प्रतिपिंडे तयार होतात व पुढील मात्रा रक्तातून लवकर काढून टाकली जाते. धातूंचे कण यकृतात व प्लीहेत दीर्घकाळ राहतात. अर्बुदातील सर्व कोशिका एकसारख्या नसल्याने एका जनुकावरील उपचारास दाद न देणाऱ्या कोशिका शिल्लक राहून पुन्हा वाढतात. यांखेरीज आरएनए टिकविण्यासाठी लागणारे नीच तापमान, प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र लस तयार करण्याचा खर्च आणि त्यास लागणारा वेळ या व्यावहारिक अडचणी आहेत. झपाट्याने वाढणाऱ्या कर्करोगात काही आठवड्यांचा विलंबही रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो.

सद्यस्थिती : लिपिड अब्जांश कणांतून आखूड व्यत्ययी आरएनए देणाऱ्या पहिल्या औषधास अमेरिकेत ऑगस्ट २०१८ मध्ये मान्यता मिळाली, परंतु ते कर्करोगावरील नसून ट्रान्स्थायरेटिन प्रथिनाच्या आनुवंशिक विकारावरील होते व त्याचे लक्ष्य यकृत हेच होते. कोविड-१९ च्या साथीत २०२० च्या अखेरीस याच प्रकारच्या कणांतून संदेशवाहक आरएनएच्या लशी देण्यास आरंभ झाला. कोट्यवधी लोकांना त्या देण्यात आल्यामुळे कणांचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन व त्यांची सुरक्षितता यांविषयीचा अनुभव उपलब्ध झाला. कर्करोगावर मात्र २०२४ च्या अखेरपर्यंत अशा कणांतून दिलेल्या आरएनए औषधास अमेरिका अथवा यूरोपीय संघ यांत नियमित वापरासाठी मान्यता मिळालेली नव्हती.

भारतात पुणे येथे विकसित झालेल्या संदेशवाहक आरएनएवरील देशातील पहिल्या कोविड लशीस जून २०२२ मध्ये आणीबाणीच्या वापरासाठी परवानगी मिळाली. मुंबईतील भारतीय तंत्रविद्या संस्था व टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून निर्माण झालेल्या, रक्ताच्या कर्करोगावरील टी कोशिकांच्या जनुकीय उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता देण्यात आली. या उपचारात रुग्णाच्या टी कोशिका शरीराबाहेर काढून त्यांत व्हायरस वाहकाने जनुक घालतात, त्यांची संख्या वाढवितात व नंतर त्या रुग्णास परत देतात. हेच परिवर्तन अब्जांश कण टोचून शरीराच्या आतच घडविता येते, असे अमेरिकेत २०१७ मध्ये श्वेतकोशिकार्बुद झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले. माणसात ते सुरक्षितपणे साधल्यास कोशिका बाहेर वाढविण्याची खर्चिक प्रक्रिया टळेल व मोठ्या शहरांतील मोजक्या रुग्णालयांपुरता मर्यादित असलेला हा उपचार अधिक रुग्णांच्या आवाक्यात येऊ शकेल.